वॉलपेपरची मागची बाजू

बालवाडीचा बॉयलर मंगळवारी सकाळी बंद पडला. आधी त्यानं दोन मोठे ढेकर दिले, मग भिंतीतले पाइप गार झाले, आणि थोड्याच वेळात मुलांच्या तोंडातून वाफा निघायला लागल्या. आमच्या डोंगराळ नारीन गावात जानेवारीत असं व्हायचंच. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा शिक्षिकांना गोळा केलं आणि सांगितलं, ज्यांच्या घरी दिवसा कुणी नसतं ती मुलं आपापल्या इमारतीतल्या शिक्षिकेनं घरी न्यायची, दुरुस्ती होईपर्यंत. माझ्या वाट्याला आमच्याच जिन्यातली चार आली.

चौघांत मोठी बेगिमाय. वय पाच, पण खरी मुख्याध्यापिका तीच. मग आसान आणि उसेन, ही जुळी. यांतला कोण कुठला हे आपल्याला कळतं, असं त्यांची आई म्हणते. आणि शेंडेफळ उमुत, तीन वर्षांचा, ज्याला जगातली प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून बघायची असते.

आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यात त्या आठवड्यात आमच्याकडे लगीनघाई. लग्न अजून लांब होतं, पण शनिवारी माझ्या सासरचे घाटापलीकडच्या कोचकोरहून यायचे होते. होणाऱ्या सासूबाई मुलीच्या कानांत डूल घालतात आणि सोयरीक पक्की होते, त्यासाठी. आईनं कधीपासून मनात धरलं होतं की मोठ्या खोलीत दारासमोरच्या भिंतीला नवा कागद लागला पाहिजे. व्याही उंबरा ओलांडतील तेव्हा पहिली नजर तिथंच जाणार. तिनं बाजारातून सायीच्या रंगाचा, सोनेरी फुलांचा वॉलपेपर आणला होता, त्या एका भिंतीपुरता मोजून. लावायचं काम बाबांचं. बाबांनी उभी हयात दोलोन घाटातून ट्रक चालवला, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कशाचीच घाई नव्हती. सोमवारी त्यांनी भिंतीवरचा जुना कागद सोलून काढला. त्याखाली कुणीतरी चिकटवलेली पिवळी पडलेली वर्तमानपत्रं निघाली. ती वाचण्यातच त्यांची संध्याकाळ गेली.

मंगळवारी मी चार पोरं घेऊन दारात उभी राहिले तेव्हा ते खुर्ची टाकून त्याच भिंतीवरच्या बातम्या वाचत होते.

"ही कुणाची?" बाबांनी चष्म्यावरून बघितलं.

"बॉयलर गेलाय, बाबा. दिवसभर इथंच राहतील."

"मग मी कुठं बसू?"

"आजोबा, तुम्ही बसलाच आहात की," बेगिमाय म्हणाली, आणि बूट काढायला लागली.

मुलं मला मीरगुल एजे म्हणतात, म्हणजे ताई. पण घरात शिरल्यावर दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की इथं ताईपेक्षा आजोबा जास्त मजेचे आहेत. त्याला कारण खिडकी. काचेवर आतून बर्फाचा जाड थर धरला होता. मी मुलांना सांगितलं, बोट टेकवून ठेवा, ऊब लागली की बर्फात गोल पडेल, मग त्या गोलांचं काय हवं ते करा. जुळ्यांनी बोटं टेकवली, उमुतनं जीभ टेकवली. ती सोडवायला मला कोमट पाणी आणावं लागलं.

"बालवाडीत हे शिकवता?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "हे मी ट्रकमध्ये रोज करायचो. फुकट."

"तुम्ही काय काढायचात?" बेगिमायनं विचारलं.

"काढायचो कसलं! समोरचा रस्ता दिसावा म्हणून पुसायचो."

"मग रस्ता काढून दाखवा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बटाटे सोलत होते. ते उठले, अंगठा काचेला लावला आणि दोलोनची वळणं काढायला लागले. एक वळण, दुसरं वळण, इथं माझी चेन तुटली होती, इथं एक अस्वलासारखा पोलीस उभा असायचा. पोरं तोंड उघडं टाकून बघत राहिली. आसाननं पोलीस काढला. उसेननं अस्वल काढलं. नंतर कुठला पोलीस आणि कुठलं अस्वल यावरून दोघांची जुंपली.

दुपारी मी पीठ-मीठ मळून दिलं. त्याच्या मेंढ्या केल्या आणि रेडिएटरवर वाळत घातल्या. उमुतनं आपली मेंढी खाल्ली. वर शेजारची पण खाल्ली, आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी पाणी करत राहिला. बटाटा अर्धा कापून त्यावर चांदण्या कोरल्या, त्या बिटाच्या रसात बुडवून कागदावर ठसे उठवले. कांद्याची टरफलं उकळून पिवळा रंग केला. पोरं घरी गेली तेव्हा माझ्या दोन्ही चित्रकलेच्या वह्या संपल्या होत्या आणि बाबांच्या मिशांना पिवळी झाक आली होती.

बुधवारी सकाळी आई तिच्या बहिणीकडे अत-बाशीला निघाली. पाहुण्यांसाठी घट्ट साय आणि घोड्याच्या मांसाची सॉसेज आणायची होती, आणि ती मावशीइतकी चांगली कुणी करत नाही. निघताना तिनं दारातून मागं वळून बोट रोखलं.

"उद्या दुपारी येते. तोवर भिंत झालेली पाहिजे."

"होईल गं," बाबा म्हणाले.

"तुमचं 'होईल' मला ठाऊक आहे. आज."

"आजच म्हणतोय."

ती गेली, मुलं आली. कागद नाही, रंग नाही. बालवाडीच्या कपाटात दोन्ही पडलेलं असणार, म्हणून मी बाबांना म्हटलं, तासाभरात जाऊन येते, तोवर यांच्याकडे बघा. "बघतो की," बाबा म्हणाले, आणि खरंच खुर्ची वळवून त्यांच्याकडे बघत बसले.

तासाचे दोन झाले. बालवाडीत कपाटाची किल्ली शोधण्यात वेळ गेला, आणि कपाट उघडलं तर रंगाच्या सगळ्या बाटल्या गोठून तडकलेल्या. लाल रंग बाटलीच्या आकाराचा होऊन उभा होता, बाटली त्याच्या पायाशी पडली होती. कागदांच्या गठ्ठ्यावर छतातून पाणी ठिबकून त्याची लादी झाली होती. मी हात हलवत परत आले.

दार उघडलं तर आत चिडीचूप. चार मुलं घरात असताना शांतता म्हणजे काहीतरी झालंय. मी बुटांसकट मोठ्या खोलीत धावले.

गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केलेला. जमिनीवर आईच्या सोनेरी फुलांच्या वॉलपेपरचे लांबच लांब पट्टे, पालथे पसरलेले, पांढरी बाजू वर. एका पट्ट्यावर बाबा कुशीवर आडवे झालेले, आणि बेगिमाय पेन्सिलीनं त्यांच्या पोटाच्या कडेकडेनं रेघ ओढत होती. जीभ बाहेर, डोळे बारीक.

"श्वास सोडू नका, आजोबा. रेघ हलते."

"बाबा!" मी ओरडले.

बाबांना श्वास सोडायला बंदी होती, म्हणून त्यांनी नुसता हात वर केला. रेघ पायापर्यंत पोचल्यावर ते फुस्सकन मोकळे झाले आणि उठून बसले.

"आधी ऐकून घे," ते म्हणाले. "मागच्या बाजूला काय लावतात?"

"खळ."

"खळ. आणि मग ती कुठं जाते? भिंतीला चिकटते. मग ती बाजू जन्मात कुणाला दिसणार आहे का? कोरी राहिली काय, चित्र काढलं काय! उलट मी म्हणतो, भिंतीच्या आत आपण सगळे असलो तर घराला बरं."

त्यात खोट काढायला मी सुरुवात केली आणि मला खोट सापडेना.

"आणि पट्टे कापायचेच होते," बाबांनी पुढं दामटलं. "भिंतीच्या मापानं कापलेत. अर्धं काम झालं तुझ्या आईचं."

"पण कुशीवर का झोपलात?"

"सरळ झोपलं की पोट पट्ट्याबाहेर जातं."

चारही मुलं आधीच काढून झाली होती. आसान आणि उसेन तंतोतंत सारखे आले होते, म्हणून एकाला बिटाचा डगला मिळाला, दुसऱ्याला कांद्याचा. उमुत पडून राहिना, त्यामुळे त्याच्या आकृतीला तीन पाय होते. ते बघून त्याला इतका आनंद झाला होता की तो आपला तिसरा पाय शोधत फिरत होता. बेगिमायच्या चित्राला डोक्यावर मुकुट, कमरेला तलवार आणि हातात बहुतेक हजेरीपट होता. एक पट्टा कोरा उरला होता.

"एजे, आता तू," बेगिमाय म्हणाली.

मी कोट काढला आणि आडवी झाले. काय करणार, बाबांचा मुद्दा अजून खोडता आला नव्हता. पेन्सिल कानाजवळून गेली तेव्हा गुदगुल्या झाल्या. मी हसले, आणि माझ्या चित्राची मान वाकडी आली. मग सगळ्यांनी मिळून रंग भरले. बाबांच्या मिशीला काळी लोकर चिकटवली. केस काढायला चहाची पत्ती पिठाच्या खळीत कालवली. बाबा गुडघ्यांवर बसून माझ्या चित्राच्या झग्याला बिटाचा रस इतकं मन लावून फासत होते की मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

पट्टे वाळत घालायला म्हणून दोरीवर टांगले, आणि मग आम्ही दुसरी बाजू बघितली.

सोनेरी फुलांना गोवर आला होता. जिथं जिथं रस जास्त झाला होता तिथं तिथं तो आरपार गेला होता. पानापानावर गुलाबी ठिपके, मधूनच पिवळे ओघळ. माझ्या झग्याच्या जागी तर एक संपूर्ण फुलदाणी रक्तबंबाळ झाली होती.

"सुकल्यावर जाईल," बाबा म्हणाले.

"बीट?"

बाबा खुर्चीत बसले. बेगिमायनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आजोबा, तुमची आई रागावेल?"

"माझी नाही," बाबा म्हणाले. "हिची."

गुरुवारी दुपारी आई आली. एका हातात सायीची बरणी, दुसऱ्यात सॉसेजची पिशवी, खांद्यावर बर्फ. तिनं भिंत बघितली. भिंतीवर वर्तमानपत्रं तशीच. मग तिनं दोरी बघितली. मग बाबांना शोधलं. ते स्वयंपाकघरात उमुतला चहा पाजत होते आणि वर बघत नव्हते.

"हे काय आहे?"

बाबांनी मागच्या बाजूचा मुद्दा पुन्हा मांडला. पण माझ्यापुढं जो मुद्दा दगडासारखा उभा होता, तो आईपुढं विरघळून गेला.

"आणि भिंतीवरून सोललेला जुना कागद? त्याला मागची बाजू नव्हती?"

"तो बाल्कनीत आहे."

"मग?"

"बाल्कनीत थंडी होती."

आईनं बरणी टेबलावर ठेवली. ती काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. माझे होणारे सासरे जोलदोश होते. त्यांचा आवाज ट्रक ड्रायव्हरपेक्षा मोठा, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. रात्रीपासून दोलोन बंद होणार म्हणतात, म्हणून शनिवारची वाट न बघता आजच निघालो, घाट उतरलोय, तासाभरात पोचतो, काही धावपळ करू नका.

आईनं फोन ठेवला. तिचं एक असतं, संकट लहान असलं की ती आकाशपाताळ एक करते, मोठं असलं की एकदम गार होते.

"मीरगुल, सॉसेज उकळायला टाक. तुम्ही, खळ करा." बाबा उठले. "उघड्या भिंतीसमोर मी विहीणबाईंना चहा देणार नाही. हे पट्टे लावायचे."

"कुठली बाजू वर?" बाबांनी अगदी हळू विचारलं.

आईनं एक पट्टा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"ही बघितली की रडू येतं. ती बघितली की निदान हसू तरी येईल. ती वर."

उभ्या आयुष्यात बाबांनी इतक्या वेगानं कुठलं काम केलं नसेल. मुलं खळीच्या बादलीभोवती, आई खालून "डावीकडे, डावीकडे, तुमची डावी नव्हे" म्हणतेय, बाबा स्टुलावर. दाराची घंटी वाजली तेव्हा आसानचा पाय अजून भिंतीला चिकटायचा होता. मी तो पाठीनं दाबून उभी राहिले, आणि सासरचं माणूस पहिल्यांदा घरात आलं तेव्हा मी अशी भिंतीला टेकून होते. लाजतेय असं त्यांना वाटलं.

उमसुनायबाई, माझ्या होणाऱ्या सासूबाई, उंच, ताठ, पांढराशुभ्र रुमाल डोक्याला. कोचकोरमध्ये त्या नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, कापण्यासाठी प्रसिद्ध. त्यांनी कापलेल्या नक्षीचा शिरदक, म्हणजे नमद्याचा गालिचा, ज्यांच्या घरात अंथरलेला असतो, ते लोक पाहुण्यांना आधी तो दाखवतात आणि मग बसायला सांगतात. त्या उंबऱ्यात थांबल्या. पहिली नजर भिंतीवर गेली, आईनं म्हटलं होतं तशीच. तिथून ती हलेना.

"हे कोण?" त्यांनी लोकरीच्या मिशीकडे बोट केलं.

"मी," बाबा म्हणाले.

"असे कुशीवर का?"

"रुंदीत मावलो नाही."

जोलदोश खो-खो हसले. उमसुनायबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले.

"आमच्याकडे पाहुणे यायचे असले की भिंतीला शिरदक लावतात," त्या म्हणाल्या.

आईच्या गालावर रंग चढला. "आमच्याकडेही लावतात, विहीणबाई. पण मग माणसं कुठं लावायची?"

चहा झाला. साय झाली. सॉसेजचं जोलदोशनी इतकं कौतुक केलं की आई थोडी सैल झाली. पण उमसुनायबाई ताठच. बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर जायची आणि ओठ मिटायचे. मांडीवर डुलांची डबी तशीच. बेगिमाय हे सगळं बघत होती. ती उठली आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, तू पण झोप."

"मी? का?"

"आम्ही सगळे झोपलो. एजे पण झोपली. भिंतीवर यायचं असेल तर झोपावं लागतं."

"मला नाही यायचं भिंतीवर. आणि मी लोकांच्या घरी जाऊन जमिनीवर लोळत नाही."

"मी लोळतो," जोलदोश म्हणाले.

"अहो!"

पण ते कोट काढून केव्हाच आडवे झाले होते. बाबा बाल्कनीतून जुन्या कागदाचा पट्टा घेऊन आले, थंडी असूनही. जुळ्यांनी दोन बाजूंनी दोन पेन्सिली लावल्या. खाली पोचल्यावर असं दिसलं की आसाननं बुटाभोवती रेघ ओढलीय आणि उसेननं अनवाणी पाय काढलाय, त्यामुळे जोलदोशना एका पायात बूट मिळाला. ते पडल्या पडल्याच हुकूम सोडत होते, "मिशी मोठी काढा. व्याह्यांपेक्षा मोठी." मग त्यांच्या चित्राला टोपी आली, पांढरी, उंच. आणि टोपीवर नक्षी हवी म्हणून बेगिमायनं एक मेंढ्याचं शिंग काढलं.

उमसुनायबाईंचा तोवरचा सगळा संयम त्या शिंगावर संपला.

"हे शिंग आहे? हे गांडूळ आहे. असं वळतं का शिंग कधी? कात्री आण इकडे."

मी धावत कात्री आणली. त्यांनी बाह्या सरसावल्या. जोलदोश उठून बसले, आईनं हातातली किटली खाली ठेवली. बाईंच्या हातचं काम समोर बसून बघायला मिळतंय म्हणजे थोडं आहे का! त्यांनी शेजारी पडलेला कागदाचा तुकडा उचलला. बेगिमायनं तो मधोमध दुमडून ठेवला होता, मी शिकवलं होतं तसा. बाईंनी रेघ काढली नाही, माप घेतलं नाही. कात्री अशी फिरली की कागदाचा आवाजसुद्धा आला नाही. खाली वळण, वर वळण, पुन्हा आत. मग त्यांनी ऐटीत कागद झटकून उलगडला.

एक शिंग उजव्या हातात राहिलं. दुसरं डाव्या हातात.

"तुटलं!" उमुतनं टाळ्या वाजवल्या.

बाबा छताकडे बघायला लागले. जोलदोशचा चेहरा हसू दाबून बिटासारखा झाला होता. मी मनात म्हटलं, झालं, गेली सोयरीक, एका शिंगासाठी.

बेगिमायला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं दोन्ही तुकडे बाईंच्या हातातून घेतले, मांडीवर ठेवले, आणि बालवाडीत उसेनला समजावते त्याच आवाजात म्हणाली, "आजी, असं होतं पहिल्यांदा. रडायचं नाही. ही घडीची बाजू आहे ना, ती कापायची नाही. ती बाजू धरून ठेवायची. बाकी तुझं छान आहे."

उमसुनायबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग तुकड्यांकडे बघितलं. त्यांचे खांदे आधी हलले. मग त्यांनी रुमालाचं टोक तोंडावर धरलं, आणि मग ते टोक पुरेना.

"नमद्याला घडी नसते गं, बाई!" त्या हसता हसता म्हणाल्या. "दोन नमदे एकावर एक ठेवतात आणि कापतात. सगळं आयुष्य मी दोनच तुकडे केले. एक कधी केलाच नाही!"

"मग आता कर," बेगिमाय म्हणाली. "मी घडी धरते."

तिनं नवा कागद दुमडला, दोन्ही हातांनी घडी धरली आणि बाईंनी कापलं. या वेळी उलगडलं तेव्हा समोरासमोर दोन शिंगं, मध्ये पान, सगळं एकसंध. जुळ्यांनी "आम्हाला! आम्हाला!" केलं. मग आम्हाला संध्याकाळपर्यंत दुसरं काही करता आलं नाही. खोलीभर कागदाचे कपटे. बाई शिंगं कापतायत, पक्षी कापतायत, जोलदोश खळ लावतायत, उमुत खळ चाटतोय. आई आणि बाबा जेवणाचं बघायला स्वयंपाकघरात गेले, आणि तिथून मला आईचा आवाज ऐकू आला, "बघितलंत? लावलेत ना सरळ पट्टे? मग इतकी वर्षं कुठं होता हा वेग?"

डूल त्याच गडबडीत घातले गेले. मी कपटे गोळा करत बाईंजवळ वाकले होते. त्यांनी माझी हनुवटी धरली, "थांब, हलू नकोस," म्हणाल्या, आणि घातले. त्यांच्या बोटांना खळ लागलेली होती, त्यामुळे एक डूल कानाऐवजी बोटालाच चिकटला आणि दोनदा घालावा लागला. आईनं डोळे पुसले. मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. बेगिमायनं मात्र जाऊन भिंतीवरच्या वाकड्या मानेच्या मीरगुललाही दोन डूल काढले, हातभर लांब.

रात्री खरंच घाट बंद झाला. पाहुणे राहिले. मेदेरला, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, बिश्केकला फोन करून सांगितलं तर तो घाबरून म्हणाला, "आई काही बोलली का?" मी म्हटलं, "आई गांडुळाला बोलली." त्याला ते अजून नीट कळलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी जोलदोश आणि बाबा गाडीची बॅटरी गरम करायला खाली गेले होते. आई दुधाला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि मोठ्या खोलीतून बेगिमायची कुजबुज येत होती. हात पुसत मी दारापाशी गेले. उमसुनायबाई जमिनीवर सरळ झोपल्या होत्या, हात अंगाला लावून, रुमाल नीट सावरून, डोळे छताकडे. बेगिमाय त्यांच्या खांद्याशी पेन्सिल घेऊन बसलेली. तिघे मुलगे ओळीनं उकिडवे.

"आजी, नाक वर आहे, ते नाही येणार," बेगिमाय म्हणाली.

"नको येऊ दे. नाकावरून कुणी मला चांगलं म्हटलेलं नाही."

त्यांनी मला बघितलं. मला वाटलं आता उठतील. पण त्या तशाच पडून म्हणाल्या, "सूनबाई, उभी काय राहिलीस? डोक्याखाली काहीतरी दे. नाही, नको, मग डोकं मोठं येईल. तू चहा ठेव."

मी चहा ठेवायला गेले. माझ्या हाताला कणीक होती, म्हणून डोळे बाहीनं पुसले.

शनिवारी घाट उघडला. जोलदोशनी आपलं चित्र आमच्याच भिंतीवर राहू दिलं, बाबांच्या शेजारी, म्हणजे दोघांना गप्पा मारता येतील. उमसुनायबाईंनी मात्र स्वतःचं बरोबर घेतलं. गुंडाळी करून, टॉवेलात बांधून, गाडीत मांडीवर आडवी धरून. बेगिमाय त्यांना सोडायला खाली आली होती, टोपीत नि मफलरमध्ये इतकी गुंडाळलेली की फक्त डोळे दिसत होते. गाडीची काच अर्धी खाली झाली.

"आजी, जेवताना दिसेल असं लाव," तिनं बजावलं. "आणि पाय खाली. उसेननं एकदा उलटं लावलं होतं."

"पाय खाली," बाईंनी मान हलवली.

"आणि ओलं करू नको. बीट पसरतं."

"आणि झालं ओलं तर?"

बेगिमायनं जरा विचार केला.

"तर परत ये," ती म्हणाली. "पुन्हा झोपवू."